कपाळावर न लिहिलेली वेळ

साहेब, तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं ते मी मागच्या वर्षी ओलांडलं. तेव्हा आता जरा बरोबरीनं बोलते, राग मानू नका. मानलात तरी काय करणार म्हणा! मी तुमच्याशी एकदाच खोटं बोलले आणि नेमका तेव्हाच तुम्ही डोळे झाकून विश्वास ठेवलात. एवढंच सांगायचंय. पण थेट त्यावर येता येत नाही, आधी त्या दवाखान्यातून जावं लागतं.

सोनईच्या अलीकडचा तो दोन खोल्यांचा दवाखाना. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकीचे दिवस कंपाउंडर म्हणून तुम्ही आणि मलमपट्टीला मी. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. तुम्ही पलटणीत जखमी माणसं उचलून, पाय अधू करून घेऊन परत आलेले, आणि मी तेविसाव्या वर्षी पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आलेली. मला कामावर ठेवलंत तेव्हा गाव म्हणालं, मुसलमान कंपाउंडर आणि ब्राह्मणाची विधवा, आता बघा काय काय होतंय ते. तुम्ही म्हणालात, "बघू देत की. रक्त थांबतं कसं तेही बघतील." आणि मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलंत. विधवा बाई घड्याळ लावून रस्त्यानं चालली म्हणून माझी आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ज्याला वेळ कळत नाही त्यानं पट्टा आवळू नये, असं तुमचं म्हणणं. रक्त कशानंच थांबेना तर जखमेच्या वर पट्टा बांधायचा, काडी घालून पिळायचा, आणि दर पाव तासानं थोडा सैल करायचा, नाहीतर पुढचा हात मरतो. बांधणाऱ्यानं पेशंटबरोबर जायचं. जाता आलं नाही तर कोळशानं, काजळानं, मिळेल त्यानं कपाळावर बांधल्याची वेळ लिहायची. "बेटी, गोधडी हातावर घालतात, पायावर घालतात. कपाळ कुणी झाकत नाही. वाटेत जो जाणता भेटेल तो कपाळ बघेल आणि गोधडी उचलेल." हे तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलं होतंत की मी पाठ म्हणून दाखवायची आणि तुम्ही हसायचात.

त्या दिवशी शेजारच्या वस्तीवर देवीची साथ निघाली होती म्हणून तुम्ही सकाळीच तिकडे गेला होता. ओढ्यापलीकडच्या गुऱ्हाळावरून माणूस बोंबलत आला. मी पिशवी घेऊन धावले. चरकात ऊस घालणारी बाई, माझ्याच वयाची. हात कोपरापर्यंत चरकाच्या रुळांमध्ये गेलेला. बैल उलटे फिरवून तो बाहेर काढला होता आणि जखमेत हळद कोंबली होती, तरी रक्त थांबत नव्हतं. मी पट्टा बांधते, काडी पिळते, रक्त थांबतं. घड्याळात अकराला दहा कमी. नवरा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलाय, नुसता "अगं, अगं" करतोय. इथवर सगळं तुम्ही शिकवलं तसं झालं.

मग मी चुलवाणातला विझका कोळसा उचलला. तिचं कुंकू घामानं कपाळभर पसरलं होतं, ते पुसल्याशिवाय आकडा उमटला नसता. मी पदराचं टोक पुढे केलं आणि तिची सासू किंचाळली. "ए बये, कपाळाला हात नगं लावू! सवाष्ण हाय ती! तुजं झालं ते तिचं करती का?" सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या कपाळाकडे. मी तिला नेणाऱ्या बैलगाडीत चढायला गेले तर म्हातारी आडवी आली, "आन् गाडीत बी नगं. तुजी सावली नगं." मी कोळसा खाली टाकला. गालावर लिहिता आलं असतं, हनुवटीवर लिहिता आलं असतं. ते मला सुचलं चार वर्षांनी, एका दुपारी भांडी घासताना. त्या दिवशी मी तिच्या नवऱ्याला नुसतं तोंडी सांगितलं, पट्टा पाव तासानं सैल करा, वाटेत कुणाला तरी दाखवा. त्यानं मान हलवली. ज्याची बायको मरायला टेकलीय तो कशालाही मान हलवतो, हे काय मला कळत नव्हतं? बैलगाडी सडकेपर्यंत आणि तिथून लढाईमुळे कोळशावर चालणारी सर्व्हिसची प्रवासी मोटार नगरच्या इस्पितळापर्यंत, म्हणजे चार तास कुठे गेले नाहीत, हेही कळत होतं. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते, मग परत येऊन पिशवी धुतली.

संध्याकाळी तुम्ही आलात, धुळीनं माखलेले, वाटेतच सगळं ऐकून, आणि दारातूनच विचारलंत, "गेली नाहीस बरोबर?" मी म्हटलं, घेतलं नाही त्यांनी. "कपाळावर लिहिलंस?" मी म्हटलं, लिहिलं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही रागावला नसतात हो, तेच तर. तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलं असतंत, त्या बायांनी बघितलं तसं कपाळाकडे, बिचारी विधवा म्हणून. फक्त तुमच्या डोळ्यांत मी मलमपट्टी करणारी ड्रेसर होते, विधवा नव्हते. ते मला गमवायचं नव्हतं. तुम्ही "शाबास" म्हणालात आणि हातपाय धुवायला गेलात.

नगरला तिचा हात खांद्यापासून काढावा लागला आणि चौथ्या दिवशी ती गेली. दिवस घालून नवरा मयतीच्या कागदावर तुमची सही घ्यायला आला, तेव्हा ओसरीवर दहा-बारा माणसं होती. तुम्ही त्याला सगळं खोदून विचारलंत. मोटार रस्त्यात बंद पडली होती, तेव्हा लष्करी लॉरीतून एक ड्रेसर उतरला, तिचं तोंड बघितलं, पाणी पाजलं आणि निघून गेला. गोधडी उचलली नाही. तुमचा आवाज चढला. "कपाळावर वेळ लिहिली होती! काय केलंस तिचं?" तो गडबडला. थोडा वेळ आठवत उभा राहिला आणि म्हणाला, "लई घाम येत हुता तिला, सायेब. म्या पटक्याच्या शेवानं पुसला." तुम्ही म्हणालात, "मग तूच मारलंस तिला." दहा-बारा माणसांसमोर. मी आत कापूस कापत होते. कापतच राहिले.

मला तेव्हा काय वाटलं, असं विचाराल तर, काही नाही. अजूनही फारसं वाटत नाही. एखाद्या दाताची नस मेली की त्यावर काही चावलं तरी कळत नाही, तसं आहे. त्यानंतर मी पस्तीस वर्षं पट्टे बांधले, मुली शिकवल्या, आणि प्रत्येकीला कपाळावर वेळ लिहायला लावली, कुंकू असो नसो. दोघीतिघी घरून मार खाऊन आल्या. लोक मला कडक म्हणतात.

तुमच्या मातीला तिचा नवरा आला होता. त्याची आई कधीच गेली होती, दुसरं लग्न त्यानं केलं नाही. कबरस्तानाबाहेर बायका उभ्या होत्या तिथे माझ्यापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, सायेब माज्यावर वरडले ते बराबरच हुतं. तुमी लिवलं हुतं, आन् म्याच पुसलं. तवापासून म्या पटका बांधला न्हाई." मी म्हटलं, "जाऊ द्या, झालं त्याला फार दिवस झाले." असं म्हटलं मी, साहेब.

हे तुम्हाला पाठवता येत नाही म्हणूनच तुम्हाला लिहिलं. तो अजून जिवंत आहे. ओढ्यापलीकडे त्याच वस्तीवर राहतो, चालत गेलं तर अर्धा तास. त्याला वाचता येत नाही, तोंडानं सांगावं लागेल. मी आजही गेले नाही.