शुक्रवारी रेडिओ मोठ्याने लाव

प्रिय ताई,

फोन केला की दाजीच उचलतात आणि तू आंघोळीला गेलीयस म्हणतात. इतक्या आंघोळी माणूस करत नाही गं. म्हणून कागद घेऊन बसलोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सांभाळून घे.

आमच्या फर्निचरच्या कारखान्यात दिवसभर रेडिओ चालतो. त्यातला सकाळी बडबडणारा तो माझा किती लाडका होता, तुला ठाऊकच आहे. नवीन आलो तेव्हा इथे माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, हाच एक बोलायचा. ‘काय रे भावा, जेवलास का?’ असं तो सगळ्यांनाच विचारायचा आणि मी येडा रंध्यावर फळी सरकवत खरंच ‘हो’ म्हणायचो. माझ्यामुळे तूही ऐकायला लागलीस आणि माझ्या वाढदिवसाला त्याला फोन लावलास. दुकानात वस्तू मागतानाही बोट दाखवणारी तू, माझ्यासाठी जगासमोर तोंड उघडलंस. पहिलाच शब्द अडकला, तर तो म्हणतो, ‘ताई, गाडी स्टार्ट होत नाहीये, धक्का मारू का?’ इथे सगळे हसले. पॉलिशवाले काकाही हसले. बहीण कुणाची, हे त्यांना काय माहीत. पुढे तर त्या भामट्याने तुझा अडकलेला आवाज कापून ठेवला आणि रोज दोन गाण्यांच्या मधे वाजवायला लागला.

माझ्या मनातून तो त्याच दिवशी उतरला. नीट ऐकलं तेव्हा कळलं, याच्याकडे आहेच काय? रडणाऱ्या बाईला तोच उसासा, म्हाताऱ्यांना तेच ‘आशीर्वाद असू द्या’. आता कुठे हसणार, तेही मला आधी कळतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! पण बंद नाही केला. आधी ऐकायचो, आता पाळत ठेवतो.

आणि बघ, तो स्वतःच्या पायाने येतोय. शुक्रवारी आमच्या कारखान्यातून थेट कार्यक्रम, ‘कष्टकऱ्यांशी गप्पा’ म्हणे. मशिनी बंद ठेवून हसत उभं राहायचं, असा मालकांचा हुकूम. मी काकांना सांगितलं, ती माझी ताई होती. ते बराच वेळ ब्रश पुसत बसले. मग म्हणाले, ‘अरे गाढवा, आधी तोंड शिवलं होतं का?’ बाकीच्यांना त्यांनीच गाठलं. तो माइक तोंडाशी नेईल, की करवत, रंधा, भुसा ओढणारा पंखा, सगळं एकदम सुरू. घसा फुटेपर्यंत ओरडू दे. नोकरी जाईल कदाचित. जाऊ दे. हात शाबूत आहेत माझे.

म्हणून हे पत्र. शुक्रवारी सकाळी दहाला रेडिओ लाव, मोठ्याने, दार सताड उघडं टाकून. समोरची ती, तुझी नक्कल करते म्हणे, तिलाही बोलाव. आणि तिला सांग, अडकत अडकत सांग, अजिबात घाई करू नकोस, की हा जो आवाज येतोय ना, तो माझ्या भावाचा आहे.

तुझाच,
बारक्या