दोन तिरक्या रेघा

३ तारीख, सोमवार
संकल्प: दुकानाची वेबसाइट यापुढे मीच सांभाळणार. जावईबापूंनी ती बनवली, मान्य. पण सासऱ्याने एक बारीक दुरुस्ती सुचवली, तर दोन आठवडे लागतील म्हणतात. एका पान्यावर नळांचं दुकान उभं केलेला माणूस आहे मी.

ऑर्डर घेणाऱ्या कोडला हँडलर म्हणतात. म्हणजे काउंटरवरचा माणूसच. त्याला एवढंच शिकवायचंय, की गिऱ्हाइकाची आधी विचारपूस कर, मग ऑर्डर घे. जावईबापू म्हणाले, बाबा, हात लावू नका, मी करतो. म्हटलं, तुम्ही राहू द्या. मुलगी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली.

कंत्राटदार नव्या इमारतीचे सगळे नळ शनिवारी वेबसाइटवरूनच मागवणार आहे. नाही जमलं तर समोरच्या दुकानात जाईन म्हणाला. हसत म्हणाला. असली माणसं हसतच जातात.

बायको म्हणते, स्वयंपाकघरातला नळ गळतोय. उद्या बघू.

४, मंगळवार, सकाळी
विचारपुशीची ओळ घातली. आदरार्थी. कॉम्प्युटर म्हणतो, कंपाइल एरर, म्हणजे लिहिण्यात चूक. एकच आहे, किरकोळ.

दुपारी
ओळीच्या शेवटी सेमीकोलन राहिला होता. एवढ्याशा ठिपक्यासाठी अख्खं यंत्र अडून बसतं. दिला. शिवाय वर-खाली दिसेल त्या ओळीला एकेक जास्तीचा दिला. एका वॉशरने भागत नसेल तर दोन घालावेत, हा आयुष्यभराचा अनुभव.

संध्याकाळी
एरर एकोणीस. वॉशरचा नियम इथे लागू दिसत नाही.

५, बुधवार
कुठलातरी कंस उघडा राहिलाय म्हणे. राहिला तर राहिला, त्यातून काय चोर शिरणार आहे? जावईबापूंचा नंबर काढला. तब्येत विचारायला. मग फोन ठेवून दिला. धडधाकट माणूस आहे. तेवढ्यात मुलीचाच फोन. हे विचारतायत, काही अडलंय का. म्हटलं, अडायला मी काय तुंबलेला पाइप आहे?

नळाखाली बादली ठेवली. तात्पुरती.

६, गुरुवार
शोध लागला. ओळीच्या आधी दोन तिरक्या रेघा मारल्या की कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही. दुकानात माझं हेच धोरण आहे. कुरकुर करणाऱ्याला गोदामात पाठवायचं, काउंटर शांत. जिथे एरर तिथे रेघा. एक गप्प झाली की खालची बोंबलते. तिलाही रेघा.

संध्याकाळी
एरर शून्य. रेघा मारलेली ओळ राखाडी होते, त्यामुळे हँडलर आता जवळजवळ वरपासून खालपर्यंत राखाडी दिसतो. सौम्य रंग आहे. दुकानात सगळ्यांना चहा पाजला. मुलीकडून जावयाला निरोप धाडला: शून्य. उलटा निरोप आला, रेघा मारल्या का? असूया, दुसरं काय.

७, शुक्रवार
वेबसाइट लोकांसाठी सुरू केली. बटण दाबलं की लगेच 'धन्यवाद' येतं. दिवसभरात तक्रार एक नाही. बायको बादलीबद्दल बोलली नाही. सुधारतेय.

८, शनिवार, सकाळी
ऑर्डरही एक नाही. सुट्टीच्या दिवशी लोक उशिरा उठतात.

संध्याकाळी
समोरच्या दुकानापुढे टेम्पो लागला. नळांचे खोके चढत होते. कंत्राटदार रस्ता ओलांडून आला. शेठ, सकाळपासून चारदा ऑर्डर पाठवली, म्हणाला. दर वेळी तुमचं धन्यवाद. माल कधी येणार, काही पत्ता नाही. नुसत्या आभारांवर इमारतीला पाणी येतं का? हे पण हसतच.

जावईबापूंना फोन करायचं ठरवलं. उद्या.

९, रविवार
उठलो तर घरात शांतता. टपटप नाही. सिंकवर नवाकोरा नळ. बायकोला म्हटलं, अगं, सांगायचं तरी. ती म्हणाली, शुक्रवारीच सांगितलं, तुमच्या वेबसाइटवरून. धन्यवाद आलं. मग समोरच्या दुकानातून मागवला. आणि बसवला कोणी? तिने हनुवटीने बाहेरच्या खोलीकडे खूण केली. मुलगी आणि जावईबापू चहा घेत होते. जावईबापू उठले. बाबा, लॅपटॉप कुठाय?

आणून दिला. बराच वेळ वर-खाली करून बघत राहिले. हसले नाहीत, हे नमूद करतो. म्हणाले, बाबा, यात चालू ओळ एकच उरलीय. धन्यवादची.

तो शब्द मीच त्यांना म्हणायला हवा होता. जिभेवर आलाही होता. पण मधेच बादलीची आठवण झाली. ती रिकामी करून आलो.