आठवं फाटक

६ ऑक्टोबर
निघाले एकदाची! ब्रॉनविनने पैज लावलीय, "आई, दोन दिवसांत परत येशील बघ." तिचा बाप असता तर त्यानेही तिचीच बाजू घेतली असती. क्लेमला जाऊन वर्ष झालं. जन्मभर गाडी त्याने चालवली आणि मी शेजारी नकाशा धरून बसले. आता नकाशा माझ्या जागी बसलाय आणि पासष्टाव्या वर्षी मी एकटी अभयारण्यातल्या तळ्यापर्यंत सोळाशे किलोमीटर निघालेय. मागे साठ लिटर पाण्याचं पिंप, दोन जादा चाकं, सार्डिन माशांचे डबे आणि फळांचा केक. केक आजच अर्धा संपला.

७ ऑक्टोबर
टलींच्या गुरांच्या रानातून जायची परवानगी मिळाली. रेज टली सत्तरीचा, उन्हाने पार वाळलेला. म्हणाला, "हे बघा बाई, नऊ फाटकं लागतील. उघडं दिसलं तर उघडं ठेवा, बंद दिसलं तर बंद. डोकं चालवू नका, ते काम माझं." त्याची बायको नोला लगेच म्हणाली, "याला डोकं असतं तर आम्ही इथे राहिलो असतो होय?" खूप हसलो. मी म्हटलं, तीस वर्षं शाळेत शिकवलंय, एवढा नियम पाळता येईल मला.

८ ऑक्टोबर
फाटकं मोजून मोजून कंबर गेली. उतरा, उघडा, गाडी पलीकडे न्या, पुन्हा उतरा, लावा. आठवं मात्र सताड उघडं होतं, साखळी लोंबत होती. मला उघडं दार बघवत नाही. क्लेम त्यावरून आयुष्यभर चिडवायचा. गाडी पुढे काढली आणि साखळीचे दोन वेढे देऊन लावून टाकलं. पलीकडच्या त्या माळावर तांबडी गुरं होती, साठेक असतील. एका वासराचा एकच कान पांढरा. संध्याकाळी तळ्यावर पोचले तेव्हा लक्षात आलं, ते उघडं ठेवायचं होतं. जाऊ दे, एका फाटकाने काय होतंय!

९ ऑक्टोबर
तळं क्लेम सांगायचा तसंच आहे. पाणकोळी, पांढऱ्या खोडांची झाडं, माणूस नाही. सकाळी चहा घेताना गाडीतल्या बोलायच्या रेडिओवर टलीचा आवाज आला. आपल्या गड्याला सांगत होता, "डगी, आठव्याच्या पलीकडचा पंप मोडलाय. फाटक उघडं ठेवलंय, गुरं येतील अलीकडच्या टाकीवर. तू मंगळवारी आलास तरी चालेल."
चमचा हातातच राहिला. एक वाक्य बोलायचं होतं, की फाटक मी लावलं. पण सगळं रान ऐकणार, मास्तरीणबाईंना साधा नियम पाळता आला नाही म्हणून हसणार. उद्या सांगेन.

१० ऑक्टोबर
भयंकर ऊन. भर दुपारी गुरं हंबरल्याचा आवाज आला. वनरक्षक मर्व येऊन गेला, त्याला विचारलं. तो म्हणाला, "बाई, टोपी घाला. वीस वर्षांत इथे गाय आलेली नाही." त्याच्यासमोरही आवाज चालूच होता. त्याला ऐकू येत नव्हता.
त्याला तरी फाटकाचं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लाज वाटली.

११ ऑक्टोबर
गाडीभोवती खुरांचे ठसे. सगळे गाडीकडे तोंड केलेले. परत गेल्याचे नाहीत.
हंबरणं आता खिडकीशी. रेडिओ दोनदा हातात घेतला. दोनदा ठेवला.

१२ ऑक्टोबर
हंबरणं थांबलं. ही शांतता जास्त वाईट आहे.
रेडिओवर सगळं सांगून टाकलं, माफी मागितली. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला, मोठा, जनावराचा.
मीच जाऊन उघडते.

१३ ऑक्टोबर
कुंपणाला लागून पडलीत. साठच्या साठ. पांढऱ्या कानाच्या वासराने तोंड फाटकाच्या गजांत घातलंय. पलीकडे टाकीतलं पाणी दिसतंय. हे मी केलं. एका वाक्यासाठी.
साखळी सोडली, गाडी अलीकडे आणली, फाटक उघडंच ठेवलं. दहा मिनिटांत पुन्हा फाटक. बंद. आठचा आकडा. साखळीला माझेच दोन वेढे.

पुन्हा. चौथ्यांदा. पेट्रोल संपलं.
पिंप उघडलं — कोरडं. तोटी बंद होती, खाली ओल नाही, साठ लिटर —

१४ ऑक्टोबर
साखळी आता सुटत नाही. फाटकावर चढून पलीकडे उतरले. उतरले ती याच बाजूला. तीनदा.
मेलेली गुरं इथे नाहीत. ती पलीकडे उभी आहेत, टाकीपाशी. तोंडं ओली. माझ्याकडे बघतायत.
मी हात जोडले — खरंच जोडले —

गाडी आली! पलीकडे, टाकीशी थांबली. म्हातारा नवरा-बायको, बाटल्या भरतायत. गुरांमधून चालतायत, त्यांना दिसत नाहीत. मी ओरडले. बाईने वर बघितलं, नवऱ्याला म्हणाली, "अहो, पलीकडे एक गाय हंबरतेय. तहानलीय बिचारी. उघडू या का?"
मी पुन्हा ओरडले. माझं नाव सांगितलं. माझ्या कानांनी ऐकलं मी, तोंडातून काय —
तो म्हणाला, "टली काय म्हणाला? बंद दिसलं तर बंद. चल."
ती फाटकापर्यंत आली. साखळीवर हात ठेवला. माझ्या डोळ्यांत बघतेय. उघड ना बाई, उघ