खालचा थर

१ सप्टेंबर, मंगळवार

परत थरथरला!

मेंढराच्या कानाची साधी रेघ. पेन टॅबवर टेकवलं, ओढलं, आणि रेघ मध्येच उंदरानं कुरतडल्यासारखी. अन्डू. पुन्हा ओढली. अन्डू. शेवटी स्टॅबिलायझर वाढवला, म्हणजे हाताने काहीही दिवे लावले तरी ॲप रेघ गुळगुळीत करून देतं. पूर्वी मी त्याला हात लावत नव्हते. नवशिक्यांची कुबडी म्हणायचे, नाक मुरडून. आता त्याचा काटा जवळजवळ टोकाला टेकलाय.

उजवा हात. बाबांचाही उजवाच होता.

२ सप्टेंबर

बाबांच्या आजाराचं नाव इथे लिहायचं नाही. लिहिलं की खरं होईल असं वाटतं. कमाल आहे! दिवसभर बायबलमधल्या वचनांची चित्रं काढणारी बाई, आणि एका शब्दाला घाबरते. मागच्या महिन्यात ‘भिऊ नको’ या वचनासाठी पहाट काढली. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांच्या फोनवर ती गेली. कुणीतरी लिहिलं, खूप धीर आला. मी सोडून सगळ्यांना आला म्हणायचा.

बाबांची बोटं मांडीवर ठेवली तरी चालू असायची. गोळी वळत बसल्यासारखी. मग बटणं लावता येईनात, मग घास. मी तेव्हा रोज बघायचे. म्हणून मला माहीत आहे हे कसं सुरू होतं. एका हातापासून.

४ सप्टेंबर, शुक्रवार

प्रकाशनवाल्या बाईंचा फोन. मुलांसाठीच्या वचनांच्या पुस्तकातली अर्धी चित्रं त्यांना पोचली. म्हणाल्या, ‘‘तुमच्या रेषेत हल्ली काय शांतता आली आहे हो! पूर्वी एवढी नव्हती.’’

शांतता! मी थँक्यू म्हटलं. हात ओट्याच्या कडेला घट्ट धरून.

मग खरी गोष्ट काढली. उरलेल्या चित्रांची ओढ लागावी म्हणून वीस तारखेला, उपासनेनंतर, मी सगळ्या मंडळींसमोर एक वचन काढून दाखवायचं. टॅब मोठ्या पडद्याला जोडणार. मुलांना समोर बसवणार. पाळकसाहेबांना कल्पना फार आवडली म्हणे.

तोंडातून ‘हो’ निघून गेलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं ना!

५ सप्टेंबर

वादळ काढीन. तळ्यावरचं वादळ, होडी, येशूचे घाबरलेले शिष्य. वादळात रेघ हलली तर कोण विचारतंय? आणि स्टॅबिलायझर आहेच. सुचल्यावर जरा घास गिळला.

७ सप्टेंबर, सोमवार

आज वाटेवरच्या दोघांचं चित्र. दोन शिष्य गावाकडे चाललेत, सोबत एक जण येऊन चालायला लागतो, आणि हा प्रभू येशूच आहे हे त्यांना ओळखूच येत नाही. मुलांना हे आवडतं: ‘अरे, ओळखा ना!’

मॉडेल नेहमीप्रमाणे आमचे हे. भूगोलाचे मास्तर, दोन्ही शिष्य एकटेच. एकदा पांढरी चादर, एकदा निळी. व्हरांड्यात इकडून तिकडे चालवलं आणि फोटो काढले. प्रभूला मी मॉडेल घेत नाही, पाठमोरा काढते.

फोटो टॅबवर खाली ठेवायचा आणि त्यावर आपली चित्रं रचत जायची, अशी माझी पद्धत. कामाच्या लोकांत त्याला लेअर म्हणतात. हे ‘थर’ म्हणतात, खडकांचे असतात तसे. त्यांच्यामुळे मीही थरच म्हणते. पण आजचा खालचा थर काही कामाचा नाही! चालताना उजवा हात असा अंगाला चिकटवलेला, जणू काखेत वर्तमानपत्र धरलंय. म्हटलं, ‘‘अहो, हात हलवा जरा! शिष्य आहात, पुतळा नाही.’’ म्हणाले, ‘‘हलवतोय की.’’ कसला हलवतायत! तोंडही आंबट. वरच्या थरात मी हात मोकळा सोडला, पुढे झुलवला. ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू टाकलं. आता माणूस वाटतोय.

रेघांना मात्र तासभर लागला.

१० सप्टेंबर, गुरुवार

दूध उतू गेलं, मग करपलं, मग पातेलं काळं झालं. मी आतल्या खोलीत हाताशी झगडत होते. हे ओट्यापासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले! घरभर धूर. मी ओरडले, ‘‘देवानं नाक दिलंय ते चष्मा ठेवायला का?’’ नुसते बघत राहिले माझ्याकडे. हसणं नाही, चिडणं नाही. ‘‘वासच आला नाही गं,’’ एवढंच.

नंतर वाईट वाटलं. त्यांच्यावर नव्हते ओरडले मी. हातावर ओरडले.

११ सप्टेंबर

वजन उतरलंय. साडीच्या निऱ्या जास्त येतात. छाती धडधडते, सारखा घाम. भीतीनं माणूस असा झिजतो. बाबाही झिजलेच होते की.

१३ सप्टेंबर, रविवार

लेकीचा व्हिडिओ कॉल. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला, हातात धरला नाही. तिला कळलं तर पुढच्या गाडीनं येऊन धडकेल. ‘‘आई, बारीक झालीस!’’ म्हटलं, तुझ्यासारखं डाएट. मग म्हणाली, ‘‘पप्पांचा माइक बिघडलाय का? काहीच ऐकू येत नाही.’’ मी म्हटलं, तुझे पप्पा हल्ली देवाशीच बोलतात, माणसांना ऐकू जात नाही. ती खूप हसली. हे नाही हसले.

यांना कळलंय का माझ्या हाताचं? म्हणून गप्प असतात का? रागावलेत? की घाबरलेत? बाबांना शेवटी यांनीच अंघोळ घातली होती. जावयानं! पुन्हा तेच सगळं यांच्या वाट्याला. माझं केस विंचरणं, माझी बटणं. नको. प्रभू, असं नको. मला काही कर, पण यांच्यावर ओझं नको टाकूस.

१५ सप्टेंबर

होडीच्या चित्राचा सराव. पाण्यात बुडायला लागलेल्या शिष्याचा चेहरा हवा होता. यांना म्हटलं, घाबरून दाखवा. उभे आपले मठ्ठ! ‘‘समजा, मी बुडतेय!’’ तरी काही नाही. ‘‘आतून घाबरलोय,’’ म्हणाले. आतलं माझ्या काय कामाचं? शेवटी आरशात स्वतःचाच चेहरा बघून काढला. भीतीला मॉडेल शोधत बाहेर जायची गरज नव्हती.

यांच्या शाळेतूनही तक्रार. मागच्या बाकांवरची मुलं म्हणतात, सर फळ्यावर मुंग्या काढतात. अक्षर इतकं बारीक. मी म्हटलं, खडू वाचवताय काय? हसतील म्हणून बोलले. गेलं वाऱ्यावर.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

झोप नाही. जेवण नाही. हात आज चमचा धरतानाही.

२० सप्टेंबर, रविवार

लिहून टाकते, नाहीतर छाती फुटेल.

सकाळी घाईघाईत टॅबवर काहीतरी ‘अपडेट करा’ आलं. मी दाबलं. एवढी वर्षं हे काम करते, कार्यक्रमाच्या दिवशी अपडेट दाबायचं नसतं हे शेंबडं पोरही सांगेल! पण दाबलं.

उपासना झाली. मुलं पुढे सतरंजीवर. मी पेन उचललं, आणि पाळकसाहेब माइकवर म्हणाले, ‘‘वादळ बघून आमची लहान मंडळी घाबरतील. त्यापेक्षा आपण ते शांत पाण्याचं वचन घेऊ या का?’’ टाळ्या. शांत पाणी! एक लांब, आडवी, न हलणारी रेघ!

मी पेन टेकवलं. ओढलं. आणि पडद्यावर माझी रेघ माणसाएवढी मोठी होऊन थरथरली. अपडेटनं सगळ्या सेटिंग पुसल्या होत्या. स्टॅबिलायझर शून्यावर. तो कुठे असतो तेच आठवेना. अन्डू. पुन्हा. अन्डू. पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. एक मुलगी म्हणाली, ‘‘आँटी, पाणी घाबरलंय.’’

मी यांच्याकडे बघितलं. पहिल्याच बाकावर होते. या ना! उठायला केवढा वेळ लावला! बाकाला धरून, एकदा बसले, पुन्हा उठले. मला वाटलं लाजतायत. आले, शेजारी उभे राहिले, आणि माझं मनगट स्वतःच्या उजव्या हातात धरलं. लाकडासारखा घट्ट, अजिबात न हलणारा हात. काय आधार वाटला, सांगता येत नाही. दोघांच्या हातांनी हळूहळू ती रेघ पार पडली.

मंडळी ‘आमेन’ म्हणाली! त्यांना वाटलं, आधीच ठरवलेलं असणार. पाळकबाईंनी डोळे पुसले.

घरी येताना यांनी एवढंच विचारलं, ‘‘कधीपासून?’’ मी रस्त्यातच रडले. सगळं सांगितलं. बाबांचंही. म्हणाले, ‘‘वेडी कुठली. बुधवारी डॉक्टरकडे जायचं. मी आहे ना.’’

२३ सप्टेंबर, बुधवार

मेंदूचे डॉक्टर. हात पुढे करा, नाकाला बोट लावा, मुठी वळा. मग कागद दिला, म्हणाले गोलगोल वळत बाहेर येणारी रेघ काढा, गोगलगायीच्या पाठीवर असते तशी. मी काढली. काटेरी गोगलगाय! रडू आलं. तेव्हा माझं मन हलकं करायला हे म्हणाले, ‘‘आण, मीही काढतो. बघू कुणाची चांगली येते.’’ यांची अगदी गोल, एकही काटा नाही. पण एवढीशी! मी म्हटलं, अहो, ही गोगलगाय का मोहरी? डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत बसले.

मग मला विचारलं, वडिलांचा हात कधी हलायचा, काम करताना की स्वस्थ बसल्यावर? बसल्यावर. ‘‘तुमचा काम करताना हलतो. आणि वजन, घाम, धडधड. मला थायरॉईड वाटतोय. आधी रक्त तपासू.’’

‘वाटतोय’ म्हणाले. ‘आहे’ नाही म्हणाले. आशा करायचीही भीती वाटते.

निघताना यांना म्हणाले, ‘‘सर, दारापर्यंत जरा चालून दाखवता?’’ चालले बिचारे. बायकोसाठी काय काय करावं लागतं!

२५ सप्टेंबर, शुक्रवार

थायरॉईड!!

थायरॉईड, थायरॉईड, थायरॉईड! डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी काही आठवड्यांत हात शांत होईल. तो आजार नाही! मी दवाखान्यातच मोठ्यानं ‘प्रभूला स्तोत्र असो’ म्हटलं, रिसेप्शनवरची मुलगी दचकली. लेकीला फोन करून सगळं सांगितलं, ती आधी रडली, मग लपवलं म्हणून चांगली झापली मला. यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. किती दिवसांनी पोटभर जेवले!

यांना सोमवारी परत बोलावलंय. मी म्हटलं, एका पेशंटवर एक फुकट अशी योजना दिसते.

२९ सप्टेंबर, मंगळवार

कंपवात.

लिहिला शब्द. माझा नाही. यांचा.

काल डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचाच हात थरथरत नाही. काहींचा नुसता झुलायचा थांबतो. वास जातो, आवाज बसतो, अक्षर बारीक होतं, चेहरा हलेनासा होतो. मी प्रत्येक गोष्टीला हो, हो म्हणत होते. बाहेर आल्यावर हे म्हणाले, ‘‘तुझा हात बरा होतोय, ते महत्त्वाचं.’’

आज वाटेवरच्या दोघांचं चित्र उघडलं. वरचा माझा थर बंद केला. खाली फोटो होता. उजवा हात अंगाला चिकटलेला. चेहऱ्यावर काहीच नाही.

तो हात मी हलवला होता. हसूही मीच काढलं होतं.