लॅबमध्ये तेलाचा वास

३ मार्च २०२३
सकाळपासून मायक्रोस्कोपखाली बीजांडं. प्रत्येकात सुईने शुक्रजंतू सोडला, एकदाही उठलो नाही. माझी ज्युनियर विजयमाला मात्र सारखी उठून मान फिरवते. फिजिओने सांगितलंय म्हणे. टेस्ट ट्यूब बेबी करायला आल्यात की योगासनं?

७ मार्च
विजयमालाने डॉक्टरांकडे नवी खुर्ची मागितली. पाठीला आधार, हाताला आधार. म्हटलं, पाळणाही मागवा. कोणी हसलं नाही. पुण्यात विनोद कळणारे संपले.
मान जरा धरलीये. उशी बदलणार.

१० मार्च
उशी बदलली. मान तशीच. मैना म्हणाली, अहो, उशीचा काय दोष, डॉक्टरला दाखवा. बायकोने नवऱ्याच्या मानेत लक्ष घालू नये.

१५ मार्च
अंगठ्याला मुंग्या. एसी, दुसरं काय! लॅबमध्ये बाम चालत नाही, वासाने गर्भ बिघडतात. नियमाची पाटी मीच लावलीये. गेल्या वर्षी विजयमाला पावडर लावून आली, तिला दारातून परत पाठवलं होतं.
उद्यापासून सूर्यनमस्कार. रोज बारा.

१६ मार्च
पहिल्यातच अडकलो. मैनाने उचललं. चटई निकृष्ट आहे.

१९ मार्च, रविवार
गुपचूप कसबा पेठेत. तिथले गेनबा मान चोळतात. कसलंसं उग्र तेल. म्हणाले, सायेब, ही मान हाय का लाकूड? अडाणी माणूस. घरी दोनदा साबण लावला. वास साफ गेला.

२० मार्च
गेला नव्हता. विजयमाला दारातच म्हणाली, सर, आज आत येऊ नका. मला! जिला सुई धरायला मी शिकवलं! डॉक्टरांनी तिचीच री ओढली, वास जाईपर्यंत घरी बसा म्हणाले.

२३ मार्च
परत रुजू. मांजरी गावच्या एक बाई, तिसरा प्रयत्न, एकच बीजांड मिळालेलं. म्हटलं, हे माझंच काम. नव्या पोरींच्या हाती असलं देत नाहीत.
बसलो. अंगठा वळेना. सुई बीजांडाच्या कडेला थरथरत राहिली. घाबरलो. खरंच घाबरलो.
विजयमालाला म्हटलं, सुई खराब आहे. ती माझ्या जागी बसली, तीच सुई धरली, काम झालं.

२४ मार्च
बीजांड फळलं. डॉक्टरांनी मला सुट्टी दिली आणि मान तपासून घ्यायला पाठवलं. मानेची नस दबलीये, म्हणून पट्टा. रजेचा अर्ज द्यायला रिसेप्शनवर बसलो होतो. मांजरीच्या बाई शेजारीच. सगळ्यांना पेढे वाटत होत्या, विजयमालाला दोन.
मला विचारलं, आपणही ट्रीटमेंटला आलात का?
हो म्हणालो.