समुद्राला रोवलेली काडी

आई, अप्पांना घेऊन अलिबागला आले आहे. तुला हे आवडलं असतं की नाही, कोण जाणे. त्या एका सहलीनंतर तू समुद्राचं नावही काढलं नाहीस. आता सगळे जेवून आडवे झालेत, अप्पा व्हरांड्यातल्या खुर्चीत पेंगताहेत, आणि मी नातीच्या चित्रकलेच्या वहीतलं पान फाडून लिहितेय. माझ्या लेकीनं दोन दिवसांचं सगळं मोबाईलवर ठरवून आणलंय: किल्ला, घोडागाडी, लाटांवर उडत जाणारी ती लांबडी होडी, संध्याकाळी वाळूत फोटो. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा तिनं यादी वाचून दाखवली. अप्पा चौऱ्याऐंशीव्या वर्षीही ताठ बसतात. म्हणाले, "टाइम कुठं हाय? टाइम लिवल्याबिगर प्लॅन आसतोय व्हय?" सगळे हसले. पुढचं वाक्य कुठलं ते मला मात्र पाठ होतं, आणि ते आलंच. पणतीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुझ्या पणजीनं समुद्राला काडी रोवली हुती, म्हाईत हाय का?"

त्यांची यादी तुला आठवत असेल. पलटणीतून सुट्टीवर आलेले, खिशात छोटी वही, आणि वहीत आपली सहल मिनिटामिनिटांनी मांडलेली. दहा ते बारा किल्ला. साडेबाराला मित्राच्या घरी जेवण. तीनला वेधशाळा. पाचला घोडागाडी, मग पांढऱ्या कांद्याच्या माळा. मी दहा वर्षांची. मला त्या साडेबाराची धडकी भरली होती. तो मित्र त्यांच्याच पलटणीतला, आणि त्याच्यापुढं मला एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवायचा होता. आष्ट्याहून येताना एसटीत मी सातापाशी अडकले, तर अप्पा सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "फौजीची पोरगी हायस न्हवं?" तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. अप्पा बोलत असताना तू मधे पडत नसायचीस. फक्त पाण्याचा विषय निघाला की पडायचीस, कारण पाणी तुझं होतं. कृष्णेकाठी जन्मलीस, तिथंच दिलेली. कोयनेतून पाणी सोडलं की काठावर काडी रोवून पाणी चढतंय का उतरतंय ते सांगणारी तू, आणि तुझ्या शब्दावर आळीतली माणसं भांडी वर ठेवायची का खाली ते ठरवायची.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. किल्ल्यापर्यंत ओली वाळू उघडी पडलेली, माणसं चालत जात होती. तू लगेच पाण्याच्या कडेला काडी रोवलीस, बराच वेळ उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आवं, पाणी मागं सरतंय. एकदा उतरलं की चार दिस काय येत न्हाई." अप्पांना ते पटलं, तरी शिस्त म्हणून त्यांनी मला कांदेवाल्या बाईकडं विचारायला पाठवलं. ती माळा गुंफत बसली होती. मान वर करून म्हणाली, "बाराच्या आत परत या गो, मंग पानी भरतं." मी वीस-पंचवीस पावलं चालत परत आले. तेवढ्यात मनात हिशेब झाला: उशीर झाला की जेवण चुकेल, जेवण चुकलं की पाढा चुकेल. अप्पा जरा लांब उभे होते, म्हणून मी तुलाच म्हणाले, "दोनपर्यंत चालतंय म्हणाली." तू त्यांना हाक मारून म्हणालीस, "बगा, म्या काय म्हनलं? दोन वाजेपतोर हाय."

किल्ल्यात तू किती खूश होतीस! चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याची विहीर, याचं तुला नवल संपेना. तोफेवर हात ठेवून बसलीस, गणपतीला नारळ फोडलास. अप्पा घड्याळ बघत उठायचे, तू म्हणायचीस, "दोन वाजेपतोर हाय की." मला मात्र तटावरून सगळं दिसत होतं. आधी वाळूवर पाण्याची एक रेघ, मग दोन्हीकडून आलेलं पाणी मधे एकमेकांना भिडलेलं. मी तेव्हा बोलू शकले असते. सव्वा वाजता आपण दरवाजात आलो तर समोर सगळा समुद्रच. पुजारी ओरडत होता, जाऊ नका, होडी येईल. अप्पा कुणाचं ऐकतात? मला खांद्यावर घेतलं, तुला म्हणाले, "माझा कमरेचा पट्टा धर." पाणी गुडघ्याला, मग कमरेला, मग तुझ्या छातीला. तुझं लुगडं फुगून वर आलंय, तू पट्टा धरलायस, आणि एका लाटेत पट्ट्यावर तुझा हात नाही. मी वरून बघतेय, तू कुठंच नाहीस. अप्पांनी पाण्यात हात घालून तुला अंबाड्याला धरून वर ओढलं. कोळ्यांची होडी पोचेपर्यंत ते तसेच तुझे केस मुठीत धरून उभे होते. होडीत बसल्यावर पहिलं वाक्य ते बोलले, "तुझ्या काडीनं आज तिघंबी गेलो असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला घेऊन माळा आणायला गेलीस. त्या बाईनं मला ओळखलं. म्हणाली, "काय गो, पोरीला सांगितलं नव्हतं का, बाराच्या आत या?" तू माझ्याकडं बघितलंस. मारलं असतंस तर बरं झालं असतं. अप्पा मागून येतच होते. तू त्या बाईला म्हणालीस, "सांगितलं हुतं तिनं. माझ्याच ध्यानातनं गेलं बगा." आणि माळ निवडायला लागलीस. अप्पांनी ते ऐकलं. तुझं पाण्यातलं सगळं शहाणपण त्या एका वाक्यानं बुडालं.

पुढं जन्मभर ती चेष्टा चालली. तू शेताबद्दल बोललीस, सोयरिकीबद्दल बोललीस, की अप्पा म्हणायचे, "बस गं, समुद्राला काडी रोवलेली तू." पाहुणे हसायचे, तूही हसायचीस. एका पावसाळ्यात तू काठावरून धावत आलीस, "आवं, म्हशी वर न्या, ह्ये पाणी थांबायचं न्हाई." त्यांनी तेच वाक्य टाकलं. सकाळी गोठ्यात दोन म्हशी दाव्यालाच मेलेल्या होत्या. तू त्या दाव्यापाशी बसून होतीस आणि मी दारात उभी होते, बावीस वर्षांची, शिकलेली. तेव्हाही बोलले नाही. आई, मला स्वतःची इतकी चीड कधीच आली नव्हती, आणि तरीही बोलले नाही.

आज सकाळी किनाऱ्यावर अप्पांनी हातातली काठी वाळूत खुपसली. पणतीला म्हणाले, "ही बग, अशी रोवली हुती." ती खिदळली. मला एकदम तुझे ओले केस दिसले. मी म्हणाले, "अप्पा, त्या बाईनं बाराच्या आत या म्हणून मला सांगितलं होतं. मीच आईला दोन म्हणाले." काठीकडंच बघत त्यांनी विचारलं, "तिला म्हाईत हुतं?"

"व्हय. दुसऱ्या दिवशी कळलं."

"आन् बोलली न्हाई."

"नाही."

लेक किल्ल्यावर चला म्हणून हाका मारत होती. अप्पा हलले नाहीत. काठी उपटली, तिची वाळू हातानं पुसली आणि म्हणाले, "मग इतकी वर्सं मी कुणाला हसत हुतो?" किल्ल्यावर ते आले नाहीत. मघाशी जेवताना लेकीला म्हणाले की जाताना कांद्याची एक माळ घ्या.

ते आता जागे होतील. हा कागद घडी करून मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवणार आहे, दुसरं काय करणार. पण एक राहिलं. काठी पुसून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं होतं, "दोन का म्हनलीस गं?" आणि मी, छप्पन्न वर्षांची बाई, म्हणाले, "माझ्या ध्यानातनं गेलं, अप्पा." ध्यानातून काही गेलं नव्हतं. परत एकदा तुझ्याच पदराआड लपले बघ.