जन्माचं दुखणं

आई,

बोटांचे सांधे दुखतात म्हणून मला ज्या गोळ्या दिल्या आहेत, त्यांच्या बाटलीचं झाकण आधी जोरात दाबायचं आणि दाबून धरूनच फिरवायचं असतं. म्हणजे गोळी त्यालाच मिळणार, ज्याला तिची गरज नाही. या अन्यायाविरुद्ध मी आज वाशिंदच्या आमच्या स्वयंपाकघरात, हातात पक्कड घेऊन, सविस्तर भाषण केलं. तुझी सून म्हणाली, "भाषण झालं असेल तर इकडे द्या," आणि एका हिसक्यात बाटली उघडून मोकळी झाली.

आपली धसईची जमीन थोरल्या भावाकडे गेली, तुझी बोटं माझ्या वाट्याला आली. दोन वर्षं झाली. कल्याणच्या इस्पितळात महिन्यातून एक दिवस भरती होऊन इंजेक्शन घ्यायचं. घेतलं की पेन धरता येतं, नाही घेतलं की सदऱ्याचं बटणही लागत नाही. विमा कधीचाच काढलेला होता, त्यामुळे मी निर्धास्त. पहिल्याच दिवशी तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, कधीपासून दुखतंय?" सरळ उत्तर दिलं असतं तर मी विनोदी लेखक कसला. तुझंच वाक्य तोंडात आलं. म्हणालो, "जन्माचंच आहे हो ते." बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

कंपनीने क्लेम फेटाळला. फोनवरचा मुलगा फार अदबीनं बोलत होता. "सर, तुमच्या पेपरमध्ये आजार जन्मापासून लिहिलाय. पॉलिसी घेताना तुम्ही ते सांगितलं नाही."

"अहो, आमच्याकडे तसं बोलतात. जन्माचं म्हणजे आता कंटाळा आला, एवढंच."

"सर, कंटाळा आपण कव्हर नाही करत."

आयुष्यभर लोकांना टोमणे मारले, पण असं वाक्य मला कधी सुचलं नाही. डॉक्टरीणबाई नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेल्या आहेत, आणि त्यांच्या सहीनिशी कागदात दुरुस्ती झाल्याशिवाय तिकडे पान हलत नाही. तोवर खर्च माझ्याच खिशातून, म्हणून मी महिन्याचं इंजेक्शन दोन-दोन महिने लांबवतो आणि पक्कड जवळ ठेवतो.

मला अजून दिसतं, धसईच्या घरात तू चुलीपुढे बसली आहेस. परातीत तांदळाचं पीठ आहे, तळवा टेकतोय पण बोटं उघडत नाहीत. शेजारची काकी न बोलावता येते आणि तुला ढोपराने बाजूला सारते. "सर गो तिकडं. ही भाकर हाय का तालुक्याचा नकाशा?" तू हसतेस. मी सुट्टीला आलेला कॉलेजकुमार, विचारतो, हे कशानं झालं? तू म्हणतेस, "काय नाय रे, जन्माचंच हाय." आणि मी तुला शिकवायला बसतो, की लग्नाच्या फोटोत तुझी बोटं सरळ आहेत, मग जन्माचं कसं? शब्द जपून वापरावेत. "बरं, मास्तर," म्हणून तू काकीने थापलेली भाकरी उलटतेस. ते वाक्य म्हणजे तू लावून घेतलेलं दार होतं, आणि मी दारावरच्या पाटीचं शुद्धलेखन तपासत बसलो. कधीपासून दुखतंय, झोप लागते का, हे विचारायचं राहूनच गेलं. आता कंपनी मला माझ्या दुखण्याची सुरुवात विचारते, तेव्हा मला तुझीही ठाऊक नाही हे आठवतं.

काकीला म्हसा गावच्या जत्रेतून एक घोंगडी आणून दे, असं तू दर पौषात सांगायचीस. मी दर पौषात हो म्हणायचो. तू गेलीस, घोंगडी राहिली. या वर्षी जत्रेला गेलो, बैलबाजाराच्या पलीकडून काळी जाड घोंगडी घेतली आणि काकीच्या पडवीत नेऊन ठेवली. घडी उलगडताना बोटं अडखळली. तिनं पाहिलं.

"ही कशाची रे?"

"आईनं सांगितली होती."

"लय लवकर आणलीस." मग तिनं माझा हात ओढून घेतला, उलटासुलटा केला. "तिच्यावरच गेलास. कधीपासून हाय?"

'जन्माचंच' हे अगदी ओठांवर आलं होतं. म्हणालो, "दोन वर्षं झाली, काकी. फार दुखतं." तिनं घोंगडीचं टोक माझ्या हातांवर टाकलं आणि चहा ठेवायला आत गेली.

हे पत्र कुठे जाणार नाही, ते बरंच आहे. तू समोर असतीस आणि 'कधीपासून दुखतं रे?' असं विचारलं असतंस, तर मी म्हणालो असतो, काय नाय गो.